सगळ्यात वरची लिंक

फाइल काही केल्या उघडेना. प्रणिताने ती दोनदा उतरवून घेतली, लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला, तरी पडद्यावर तीच सूचना: हा प्रकार ओळखता येत नाही. बाहेरच्या खोलीतून कौशल्याबाईंचा आवाज आला, "हळू, उंबरा आहे." म्हणजे त्यांचे यजमान भगवंतराव आलेच होते, आणि आज त्यांना जे दाखवायचं ते या फाइलीत अडकून बसलं होतं.

चामराजपेटमध्ये घराच्याच खालच्या मजल्यावर प्रणिताचं क्लिनिक होतं. ती स्पीच थेरपिस्ट. अडखळत बोलणारी मुलं, झटका आल्यावर वाचा गेलेली मोठी माणसं तिच्याकडे यायची. कन्नडमधून हे काम करणारे शहरात पुष्कळ होते, पण घरात मराठी बोलणारी माणसं शोधत शोधत हिच्याकडेच पोचत. तिच्या घराण्याला बंगळुरात इतक्या पिढ्या झाल्या होत्या, की तिच्या बोलण्यात मराठी कुठे संपते आणि कन्नड कुठे सुरू होते हे तिलाही सांगता आलं नसतं.

भगवंतरावांनी उभी हयात चिकपेटेत साड्या विकल्या. कन्नड, तमिळ, तेलुगू, दखनी आणि घरची मराठी. समोरची बाई पायरी चढेपर्यंत तिची भाषा ओळखायची आणि ती गादीवर टेकायच्या आत तिच्याच भाषेत बोलायला लागायचं, अशी त्यांची ख्याती. मागच्या वर्षी झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि पाचही भाषा एका दमात गेल्या. उरलं ते 'हां', 'नको' आणि बायकोच्या नावातलं पहिलं अक्षर. समजत मात्र सगळं होतं. हेच त्यांना जास्त लागायचं.

त्यांच्या मुलाला दुकानातल्या दिवाळीचं एक जुनं चित्रीकरण सापडलं होतं. भगवंतराव गिऱ्हाइकाशी बोलतायत, असं. स्वतःचा जुना आवाज ऐकून कधी कधी बंद दार किलकिलं होतं, हे प्रणिताने पाहिलं होतं. म्हणून तिला घाई झाली होती.

तिने त्या फाइलीचा प्रकार टाइप करून शोधलं. सगळ्यात वर जे नाव आलं ते तिने ऐकलेलं होतं. नावाच्या डोक्यावर बारीक, फिकट अक्षरांत 'प्रायोजित' असं लिहिलेलं होतं. ते तिला दिसलंही, पण त्यात थांबण्यासारखं काही आहे असं वाटलं नाही. वरचं ते चांगलं, एवढीच तिची समजूत. तिने दाबलं. संकेतस्थळ छान होतं, मोठं हिरवं बटण होतं. उतरवलेली फाइल चालवताना लॅपटॉपने लाल चौकट काढून अडवलं, तर संकेतस्थळावर त्याचाही उपाय लिहून ठेवलेला होता: आमच्या प्लेअरच्या बाबतीत असं होतं, काळजी नको, संरक्षण दोन मिनिटं बंद करा.

तिने बंद केलं.

एक काळी खिडकी क्षणभर उघडली आणि मिटली. मग काहीच नाही. प्लेअर नाही, सूचना नाही. "मेलं हे," असं पुटपुटत ती पुन्हा शोधाच्या पानावर गेली, खाली सरकली, तिथून दुसरं काहीतरी उतरवलं, आणि ते मात्र बिनतक्रार चाललं.

तो तास फार चांगला गेला. पडद्यावर काळ्याभोर केसांचे भगवंतराव गुडघ्यावर इरकल उलगडत होते, पदर हवेत फेकत होते, कुणा बाईला म्हणत होते, "घ्या हो, नेसून बघा, नाही आवडली तर माझं नाव बदला." खुर्चीतले भगवंतराव पुढे झुकले. ओठ हलले. तिसऱ्यांदा ऐकल्यावर घशातून एक खरखरीत 'घ्या' बाहेर पडला. कौशल्याबाईंनी पदर तोंडाला लावला. प्रणिताने नेहमीप्रमाणे कोपऱ्यातल्या स्टँडवर लावलेल्या फोनने ते सगळं टिपून घेतलं, आणि त्या पहिल्या फसलेल्या प्लेअरचा तिला पार विसर पडला.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी शुभदाचा फोन आला. शुभदा पुण्याहून आलेली, व्हाइटफील्डला एका कंपनीत होती. तिची सात वर्षांची मुलगी आर्या बोलताना अडखळायची, आणि मराठीत शिकवणारी कुणी हवी म्हणून मायलेकी मेट्रो बदलत एवढ्या लांब यायच्या.

"प्रणिताताई, तुमचा मेल आलाय आर्याच्या रिपोर्टचा. पण लिंक ओपन केली तर ती माझा पासवर्ड मागतेय. असं का?"

"कुठला रिपोर्ट?"

"अहो, तुम्हीच पाठवलाय ना? सकाळी सहाला. 'अर्जंट, कृपया आजच बघा.'"

"मी नाही पाठवला. तुम्ही टाकला का पासवर्ड?"

"नाही. विचित्र वाटलं म्हणून तर फोन केला."

"सरी, बरं, काही करू नका. मी बघते."

ती मेल उघडायला गेली, तर तिचाच पासवर्ड चालेना. सावकाश, एकेक अक्षर बघून पुन्हा टाकला. चालेना. फोनवर पाहिलं, तिथूनही तिला बाहेर काढलं होतं. आपल्याच घराला कुणी आतून कडी घालावी तसं ते होतं. ती उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. मग चुलतबहीण सौम्याला फोन लावला. सौम्या एचएसआर लेआउटमध्ये राहायची आणि तिचं कामच कंपन्यांच्या संगणकांची राखण करण्याचं होतं.

"अक्का, आधी वायफाय बंद कर. बोलता बोलता कर, मी थांबते," सौम्या म्हणाली. "केलंस? आता त्या लॅपटॉपवर काही टाइप करू नकोस. गेल्या काही दिवसांत काय उतरवून घेतलंस?"

"काही नाही गं."

"आठव."

"काहीच नाही म्हणते ना. मी काय लहान आहे?" असं बोलता बोलताच ती काळी खिडकी तिच्या डोळ्यांपुढे उघडली आणि मिटली. "एक प्लेअर घेतला होता. चाललाच नाही तो."

"चालला, अक्का," सौम्या म्हणाली. "लॅपटॉप घेऊन ये इकडे. लगेच."

रिक्षा सिल्क बोर्ड चौकाच्या अलीकडे रुतून बसली. मांडीवर लॅपटॉप, हातात फोन. प्रणिता एकेका घरी फोन लावत होती. "माझ्या नावाने मेल आला असेल तर उघडू नका. माझं खातं कुणीतरी पळवलंय." काहींनी उघडला नव्हता. एकाने उघडला होता, पासवर्डही टाकला होता, त्याला तो ताबडतोब बदलायला सांगितलं. एका बाईंनी तिलाच धीर दिला: "होतं हो असं हल्ली." प्रत्येक फोन ठेवला की तिला सुटल्यासारखं वाटण्याऐवजी आणखी अडकल्यासारखं व्हायचं, आणि का ते तिला कळत होतं. ती सगळं सांगत नव्हती. मेलचं सांगत होती. त्याच खात्यात साठवलेल्या चित्रीकरणांचं सांगत नव्हती.

उपचाराच्या दर तासाचं चित्रीकरण ती ठेवायची. चार महिन्यांपूर्वी तोंड कसं वळत होतं, आज कसं वळतं, हे त्याशिवाय दिसत नाही. घरच्यांची सही घेऊन करायची, कुणाला दाखवायची नाही. त्यात आर्या होती, एका शब्दावर डोळे मिटून झगडणारी. आणि भगवंतरावांचा सुरुवातीचा एक तास होता. त्या दिवशी त्यांना स्वतःचं नाव सांगता आलं नव्हतं. त्यांनी टेबलावर डोकं आपटलं होतं, तोंडातून लाळ गळत होती, आणि ते मोठ्याने रडले होते. मग कॅमेऱ्याकडे डावा हात करून ते 'नको, नको' करत राहिले, तेव्हा प्रणिताने त्यांच्या हातावर हात ठेवून म्हटलं होतं, "अण्णा, हे माझ्याशिवाय कुणी बघणार नाही."

रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "मॅडम, स्वल्प वेळ लागेल." ती म्हणाली, "लागू द्या." पण दर दोन मिनिटांनी बाहेर डोकं काढून बघत राहिली.

सौम्याने आपल्या लॅपटॉपवरून, खात्याशी आधीपासून जोडलेल्या प्रणिताच्या फोन नंबरवर आलेल्या कोडच्या आधाराने खातं परत मिळवलं. ते काम मुळीच सरळ नव्हतं. दोन वेळा नकार आला, आणि त्या वेळात प्रणिताने सौम्याच्या दिवाणखान्यातल्या गालिच्याची किनार पायाने पार गुंडाळून टाकली. मग सौम्याने सगळीकडची लॉगिन तोडली. सेटिंगमध्ये एक नियम सापडला: येणाऱ्या प्रत्येक पत्राची प्रत कुठल्याशा अनोळखी पत्त्यावर जात होती. तो काढला. मेलचा पासवर्ड बदलून झाल्यावर बँकेचा, विजेच्या बिलाचा, एकेक करून सगळे बदलले. प्रत्येक ठिकाणी फोनवरच्या कोडचं दुसरं कुलूप बसवलं.

"पासवर्ड मी कुणाला सांगितलाच नव्हता," प्रणिता म्हणाली.

"सांगावा लागत नाही. ब्राउझरला लक्षात ठेवायला सांगतेस ना? तो सगळा गठ्ठा उचलला. आणि तू आत आहेस याची जी खूण ब्राउझर ठेवतो, तीपण. ती खूण दाखवली की दारवान पासवर्ड विचारतच नाही."

मग सौम्याने तोच शोध पुन्हा करून दाखवला. वरची जागा आता दुसऱ्याच कुणाची होती, पण प्रणिताच्या लॅपटॉपवर, ब्राउझरच्या इतिहासात, तो पत्ता होता. नीट पाहिलं तर खऱ्या नावात एक अक्षर जादा होतं. "वरची जागा विकत मिळते, अक्का. चांगली माणसंही घेतात, चोरही घेतात. उतरवायचं काही असेल तर प्रायोजितवरून उतरवायचंच नाही. आणि जो तुला म्हणतो की आधी राखणदाराला झोपव, त्याला पहिलं हाकलायचं."

"चित्रीकरणं?" प्रणिताने शेवटी विचारलं. "ती बघितली का त्यांनी?"

सौम्या बराच वेळ पडद्यावर खाली-वर करत राहिली. "अख्खा साठा उतरवून घेतल्याची नोंद नाही. पण एकेक उघडून बघितलं असेल तर त्याची नोंदच राहत नाही. ही माणसं पैशाच्या मागे असतात, त्यांना तुझ्या पेशंटांचं काय करायचंय? बहुतेक नाही बघितलं."

"बहुतेक."

"खोटं कसं सांगू, अक्का? कळायला मार्गच नाही."

लॅपटॉप सौम्याने ठेवून घेतला. आतलं सगळं पुसून पहिल्यापासून बसवायला लागणार होतं. सायबर पोलिसांच्या संकेतस्थळावर दोघींनी मिळून तक्रार नोंदवली. निघताना सौम्याने विचारलं, "घरोघरी सांगितलंस ना सगळं?"

"मेलचं सांगितलं."

सौम्याने तिच्याकडे नुसतं पाहिलं. दारात चपला घालेपर्यंत तिची ती नजर प्रणिताच्या पाठीवर होती.

पुढचे दोन दिवस तिने क्लिनिक चालवलं, म्हणजे खुर्चीत बसली एवढंच. मूल 'प' म्हणायचं आणि हिचं लक्ष फोनकडे. कोण कुठून आत आलंय हे दाखवणारं पान ती दिवसातून कितीदा तरी उघडायची. स्वतःचाच फोन 'बंगळूर, आत्ता' म्हणून दिसायचा तरी दचकायची. बाजारात एक अनोळखी माणूस तिच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला, तर तिला वाटलं, याने पाहिलंय. काय पाहिलंय, कसं पाहणार, याला अर्थ नव्हता. पण भाजी तशीच टाकून ती घरी आली, आणि पदर खोचून सरळ कौशल्याबाईंच्या घरी निघाली.

कौशल्याबाईंनी कॉफी पुढे केली. प्रणिताने ती हातात घेतली नाही, उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं: लिंक, बंद केलेलं संरक्षण, खातं, आणि चित्रीकरणं. कौशल्याबाईंना अर्धं कळलं. "म्हणजे फोटो गेले का? जाऊ देत गं. आमचे कोण बघतोय!"

भगवंतरावांना मात्र पुरतं कळलं. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. त्यांनी मान खिडकीकडे वळवली. प्रणिता समोर जाऊन जमिनीवर बसली. "अण्णा, मी तुम्हाला शब्द दिला होता. माझ्या हातून मोडला. चोर दुसरे आहेत, पण दार मी उघडलं."

ते वळले नाहीत. जबडा हलत होता. डावी मूठ खुर्चीच्या हातावर वळत होती, सुटत होती. कौशल्याबाई पाणी आणायला उठल्या, तर त्यांनी हाताने त्यांना थांबवलं. मग दोन शब्द आले, मध्ये एवढं अंतर ठेवून की पहिला विरून जाईल असं वाटावं.

"को... ण. ... बघ... लं?"

झटक्यानंतर त्यांनी स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न होता. दुसऱ्या कुठल्याही दिवशी प्रणिता टाळी वाजवून उठली असती, पुन्हा म्हणा अण्णा, पुन्हा, असं म्हणाली असती. कौशल्याबाई तर हसत-रडत देवापुढे गेल्यासुद्धा. पण भगवंतराव तिच्याकडे बघत होते. त्यांना टाळी नको होती, उत्तर हवं होतं.

"माहीत नाही, अण्णा," ती म्हणाली. "बहुतेक कुणी नाही. पण मला माहीत नाही, आणि कधी कळणारही नाही."

त्यांनी डोळे मिटून घेतले. ती निघाली तेव्हा त्यांनी निरोपाचा हात केला नाही. पण ठरलेल्या दिवशी ते आले. आत आल्याबरोबर कोपऱ्यातल्या स्टँडकडे बोट केलं. स्टँड रिकामा होता. त्यांनी तो उचलून बाहेर नेऊन ठेवायला लावला, आणि मगच बसले.

शुभदाला तिने फोनवरच सांगितलं, कारण व्हाइटफील्डपर्यंत जाईतो धीर टिकेल याची तिला खात्री नव्हती. पलीकडे स्फोट झाला.

"तुम्ही त्या दिवशीच का नाही सांगितलंत? मी तुम्हाला फोन केला होता! माझ्या मुलीचे व्हिडिओ आहेत ते. शाळेत तिला चिडवतात म्हणून आम्ही तिला कुठे बोलायला लावत नाही, आणि तुम्ही..." तिचा आवाज फाटला. "प्रोफेशनल माणसं अशी वागतात का?"

"तुमचं बरोबर आहे. त्याच दिवशी सांगायला हवं होतं."

"मला सगळं डिलीट झालेलं हवंय. माझ्या डोळ्यांसमोर."

शनिवारी दुपारी ती आर्याला घेऊन आली. परत आलेला लॅपटॉप प्रणिताने टेबलावर ठेवला आणि आर्याचं फोल्डर उघडलं. शुभदा खुर्चीवर बसलीच नाही, तिच्या खांद्यामागे उभी राहिली. आर्या मात्र टेबलाला छाती टेकून बघत होती.

"ही मी आहे?"

"हो."

"ल... लावा ना."

प्रणिताने शुभदाकडे पाहिलं. शुभदाने ओठ आवळून होकारार्थी मान हलवली. पडद्यावरची आर्या 'कासव' म्हणायला गेली आणि 'क'वर अडकली. डोळे घट्ट, मान मागे, खांदे कानांपर्यंत. टेबलाशी उभी असलेली आर्या डोकं तिरकं करून बघत राहिली.

"मी असं क-करायची?" तिने विचारलं. "आता नाही ना करत मी असं? डोळे?"

"आता नाही करत."

"मग अजून एक लावा."

तिसऱ्या चित्रीकरणानंतर शुभदा खुर्चीवर बसली. तिने एकदा डोळे पुसले, पण आवाज कोरडाच ठेवला. "आता काढून टाका."

प्रणिताने एकेक काढलं, मग कचऱ्याची टोपलीही रिकामी केली, मग फोनमधली प्रत काढली. शुभदा प्रत्येक वेळी वाकून बघत होती.

"गेलं ना सगळं?"

"माझ्याकडचं गेलं," प्रणिता म्हणाली.

शुभदाला ते उत्तर आवडलं नाही, हे दिसलं. तिने आर्याचा हात धरला, पर्स खांद्याला अडकवली. "मंगळवारचं मी कळवते तुम्हाला. ऑफिसजवळ कुणी आहे का ते बघतेय मी."

"बघा. मराठीत नसेल तर मी व्यायाम लिहून देईन, ते त्यांना दाखवा."

मंगळवारी सकाळपासून प्रणिताने आर्याची चार वाजताची वेळ कुणाला दिली नव्हती. फोन आला नाही. मेल आला नाही, आणि मेल बघायला गेली तेव्हा ती पुन्हा कोण आत आलंय ते दाखवणाऱ्या पानावर जाऊन आलीच. चार वाजून गेले. खोलीत ती टेबलावरची चित्रांचे पत्ते सारखे करत होती, तेवढ्यात बाहेर चपलांचा आवाज झाला.

मेट्रो उशिरा मिळाली, असं शुभदा म्हणाली, एवढंच. एरवी ती बाहेरच्या खोलीत लॅपटॉप उघडून आपलं काम करायची. त्या दिवशी ती आत आली, भिंतीजवळची खुर्ची ओढली आणि हातांची घडी घालून बसली. प्रणिताने पहिलं चित्र आर्यासमोर ठेवलं.

"घाई नाही," ती म्हणाली. "श्वास घे आणि सांग."